प्रभाग समितीपुढे पदपथाचा विषय कसा मांडावा? मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. आमच्या भागातील मुख्य रस्त्याच्या पदपथावरील पेव्हर ब्लॉक उखडले असून मधोमध विजेची पेटी उभी आहे, त्यामुळे शाळेची मुले आणि काठी टेकत चालणारी ज्येष्ठ मंडळी भर रहदारीतून जातात. पदपथाचे काम कागदोपत्री पूर्ण झाल्याचे आम्हाला तोंडी सांगण्यात आले. माहिती अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 2(ञ) नुसार प्रत्यक्ष कामाची आणि अभिलेखांची पाहणी मागता येते. त्यामुळे कार्यादेश, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मोजमापांची नोंदवही) व देयके पाहण्यासाठी अर्ज करण्याचा विचार आहे. आणखी कोणती कागदपत्रे मागावीत? जागेवरील पाहणीच्या वेळी अभियंत्यांची उपस्थिती अर्जातच मागावी का?

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 29अ मध्ये प्रभाग समितीवर स्वयंसेवी व समुदाय संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी नामनिर्देशित करण्याची तरतूद आहे. मात्र आमचा रहिवासी गट नोंदणीकृत नाही. केवळ यासाठी संस्था नोंदवावी, की परिसरातील एखाद्या जुन्या, मान्यताप्राप्त संस्थेमार्फत विषय मांडणे श्रेयस्कर ठरेल? एका कामापुरता हा पाठपुरावा थांबू नये, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

पुण्यात नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेतली जातात. तेथे सुचवलेले काम मंजूर होऊन प्रत्यक्षात येईपर्यंत ज्यांनी पाठपुरावा केला आहे, त्यांनी अर्जाची भाषा आणि भेटीगाठींचा योग्य काळ याविषयी कृपया सविस्तर लिहावे.