कुत्रा चावतो की त्याची जात?

शेपूटवाला

पिटबुल, रॉटवायलर, डोबरमन. नुसती नावं घेतली तरी समोरचा दोन पावलं मागे सरकतो. मला विचाराल तर या जातींच्या माथी मारलेला आक्रमकपणाचा शिक्का पोकळ आहे, आणि तो मारण्यात कुत्र्यापेक्षा काळाचा हात जास्त आहे.

१९२९ साली ऑस्ट्रेलियाने जर्मन शेफर्ड देशात आणण्यावर बंदी घातली. भीती अशी, की डिंगो या तिथल्या रानटी कुत्र्याशी याची जोडी जमली तर मेंढ्यांचा फडशा पाडणारी औलाद निपजेल. ती बंदी उठायला सत्तरचं दशक उजाडलं. तोवर बाकीच्या जगात हाच कुत्रा अंधांना रस्ता दाखवत होता! मग डोबरमन खलनायक झाला, पुढे पिटबुल, त्यानंतर रॉटवायलर. कुत्र्याचं रक्त दर दहा वर्षांनी बदलत नाही. ज्याला दरारा हवा असतो तो माणूस त्या त्या काळात कुठला कुत्रा आणतो, ते बदलतं.

२०२२ साली 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले, दोन हजारांहून जास्त कुत्र्यांची जनुकं तपासली. वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के जातीमुळे, असं निघालं. आणि कुत्रा किती चटकन बिथरतो, या गुणाचा तर जातीशी सगळ्यात क्षीण संबंध. आता बोला.

दुसरी बाजू

बोलतो. पूर्ण असहमत.

९ टक्के हा आकडा सगळीकडे मिरवला जातो, पण २०१९ साली १०१ जातींच्या १४ हजारांवर कुत्र्यांवर झालेला अभ्यास कोणी सांगत नाही. त्यात जातीजातींमधला फरक मोजला, एकेकट्या कुत्र्यातला नाही. ज्या गुणांमध्ये अनुवंशाचा वाटा सर्वात मोठा दिसला, त्यात अनोळखी माणसावर धावून जाणं आहे. प्रश्न वेगळा विचारला की उत्तरही वेगळं येतं.

आणि अभ्यास राहू द्या, डोळ्यांनी बघा. पॉइंटर या शिकारी जातीचं पिल्लू कोणी न शिकवता पाय उचलून थबकतं. मेंढ्या वळणारा बॉर्डर कॉली मेंढ्या नसतील तर पोरांना वळत बसतो. हे रक्तातून येतं, हे सगळे कौतुकाने सांगतात. मग इंग्लंडमध्ये १८३५ साली बैलांवर कुत्रे सोडायला बंदी आल्यावर जे कुत्रे खड्ड्यात एकमेकांशी झुंजवण्यासाठी पिढ्यानपिढ्या निवडले गेले, त्या पिटबुलच्या पूर्वजांच्याच बाबतीत रक्त अचानक गप्प कसं होतं? डोबरमन तर करवसुली करणाऱ्या माणसाने स्वतःच्या रक्षणासाठी घडवला. माणसावर जाणं हेच त्याचं काम होतं. खाण तशी माती.

अमेरिकेत १९७९ ते १९९८ या काळात कुत्र्यांच्या हल्ल्यातले जे मृत्यू जातीसह नोंदले गेले, ते २३८. त्यातले निम्म्याहून जास्त पिटबुल वळणाच्या कुत्र्यांच्या आणि रॉटवायलरच्या नावावर. हा शिक्का पोकळ म्हणायचा?

बुटकी शेपटी

आमच्या घरी डॅशहंड आहे. पाहुण्यांना आधी त्याची हकिगत सांगावी लागते, मग चहा. २००८ च्या एका अभ्यासात माणसांवर, अगदी मालकावरसुद्धा, दात चालवण्यात डॅशहंड आणि चिवावा आघाडीवर होते. त्यांच्यावर बंदी घाला म्हणून कोणी मागणी केल्याचं ऐकलं नाही बुवा.

दुसरी बाजू

ताई, त्याच अभ्यासात दुसऱ्या कुत्र्यांवर तुटून पडण्यात पिटबुल आणि अकिता वर होते, तेही सांगा की. आणि तुमचा डॅशहंड चावला तर घोटा धरून बसावं लागेल. रॉटवायलर चावला तर शस्त्रक्रिया. मी किती वेळा चावतो हे मोजतच नाही, चावल्यावर काय होतं हे मोजतो. चाळीस-पन्नास किलोचं जनावर वर्षात एकदाच बिथरलं तरी ते एकदाच पुरतं.

बुटकी शेपटी

हे पटलं. पण मग त्याला वजनाची भीती म्हणा, स्वभावाची का म्हणता? सेंट बर्नार्ड त्याहून जड असतो.

जनावरांचा डॉक्टर

दोन्ही बाजूंचं वाचलं. टेबलावर रोज येणाऱ्या कुत्र्यांवरून माझं मत शेपूटवाला यांच्या जवळचं आहे, पण जातीचा काहीच वाटा नाही असं मी म्हणणार नाही.

आधी त्या २३८ मृत्यूंबद्दल. ज्यांनी ती आकडेवारी मांडली त्यांनीच त्यावरून जातीवर बंदी आणू नका असं लिहून ठेवलंय. कुठल्या जातीचे कुत्रे एकूण किती पाळले जातात, हे ठाऊक नसेल तर धोक्याचं प्रमाण काढायचं कशावरून? त्यात जात ओळखायची भानगड वेगळीच. अमेरिकेत फ्लोरिडाच्या श्वानगृहांमध्ये १२० कुत्र्यांची डीएनए चाचणी केली, तेव्हा पिटबुल वळणाचे २५ निघाले. तिथल्या कर्मचाऱ्यांनी पिटबुल म्हटलेले त्याच्या दुपटीहून जास्त होते. ही रोज कुत्री हाताळणारी माणसं! मग हल्ल्यानंतर घाबरलेला शेजारी काय ओळखणार? डोकं रुंद, अंग पीळदार, झालं पिटबुल.

पुढे २००० ते २००९ मधल्या २५६ मृत्यूंची पोलिसांकडून, तपास करणाऱ्यांकडून नीट माहिती काढली गेली. जात खात्रीने सांगता आली ती जेमतेम १८ टक्के घटनांत. पण बाकीच्या गोष्टी पुन्हापुन्हा त्याच सापडल्या. ८७ टक्के घटनांत मध्ये पडू शकेल असं धडधाकट कोणी जवळ नव्हतं. ८५ टक्क्यांत बळी पडलेल्याची त्या कुत्र्याशी ओळखच नव्हती, असली तरी नावापुरती. ८४ टक्के कुत्र्यांची नसबंदी झालेली नव्हती. ७६ टक्के कुत्रे घरातल्या माणसांत मिसळून वाढलेले नव्हते, नुसते आवारात किंवा साखळीला पडलेले. यातली चार किंवा जास्त कारणं एकत्र आलेल्या घटना ८० टक्के. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, तसा हा मामला आहे. फक्त इथे ढवळ्या दोन पायांचा असतो.

पिल्लाचं तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचं वय फार मोलाचं. त्या काळात जे दिसलं, ऐकलं, हुंगलं ते आयुष्यभर ओळखीचं. जे नाही त्याची धास्ती. राखणीचा कुत्रा हवा म्हणून त्याला नेमकं याच वयात कोणाला भेटू देत नाहीत. तयार होतो तो भेदरलेला कुत्रा, आणि बहुतेक चावे भीतीतून येतात.

आणखी एक, गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारू नका. गुरगुर म्हणजे त्याची सूचना. मार खाऊन तो ती द्यायचं सोडतो, राग तसाच राहतो. मग "काही कळायच्या आत चावला" म्हणत माझ्याकडे येतात.

जातीचा वाटा किती? जातीपेक्षा मी घराणं बघतो. एकाच इंग्लिश कॉकर स्पॅनियल जातीत एकरंगी कुत्रे बहुरंगी कुत्र्यांपेक्षा जास्त आक्रमक आढळले आहेत. रक्त बोलतं, पण जातीच्या पाटीवर लिहिल्याइतकं सरळ बोलत नाही. जबडा 'लॉक' होतो ही मात्र शुद्ध थाप. पिटबुलच्या जबड्यात तसली काही कळ नसते.

कुरिअरवाला

मला टक्क्यांचं काही कळत नाही. मी दारोदार जातो. माझा अनुभव उलटा आहे. ज्याच्याकडे रॉटवायलर असतो तो आधी कुत्रा आत कोंडतो, मग दार उघडतो. त्याला ठाऊक असतं लोक घाबरतात. लॅब्रॅडोरवाला दार सताड उघडतो आणि मागून ओरडतो, "काही करत नाही हो तो!" मला जे चावे बसलेत ते सगळे या काही न करणाऱ्यांचे.

म्हणून मी म्हणतो बदनामी राहू द्या. तिच्यामुळे मालक शुद्धीवर राहतात. फक्त ती सगळ्याच कुत्र्यांची करा.

शेपूटवाला

कुरिअरवाले भाऊ, तुमचा प्रतिसाद या धाग्यात सगळ्यात भारी.

'दुसरी बाजू' यांना: झुंजीचं रक्त म्हणताय तर मायकल विक प्रकरण घ्या. २००७ साली या अमेरिकन फुटबॉलपटूच्या जागेतून झुंजीसाठी ठेवलेले पन्नासच्या आसपास पिटबुल पकडले. आधी अशांना सरसकट मारून टाकत. इथे एकेकाची स्वतंत्र परीक्षा झाली आणि जवळपास सगळे वाचले. बरेच घरांत नांदले, काही रुग्णांच्या सोबतीला जाऊ लागले. खाण तीच होती, माती कशी बदलली?

दुसरी बाजू

त्या कुत्र्यांच्या संगोपनासाठी कोर्टाने विककडून नऊ लाखांहून अधिक डॉलर घ्यायला लावले. तज्ज्ञांची फौज होती. इतका पैसा आणि इतकी अक्कल ओतल्यावर निघालेला निकाल सामान्य मालकाला लावू नका.

डॉक्टरसाहेबांची सगळी कारणं मान्य. साखळी, नसबंदी, कोणी जवळ नसणं, सगळं. पण मालक सरासरीच असणार, चुका होणारच. माझा प्रश्न एवढाच, की तीच चूक कुठली जात पोटात घालते आणि कुठली जात घालत नाही?

तिरकस

कायद्याने काय साधलं ते बघू. ब्रिटनने १९९१ मध्ये चार जाती बंद केल्या: पिटबुल टेरियर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो, फिला ब्राझिलेरो. पुढे काय झालं? इंग्लंडमध्ये चाव्यांमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण १९९८ ला लाखामागे सहाच्या आसपास होतं, २०१८ ला पंधराच्या आसपास. यादीत नसलेला एक्सएल बुली हा पिटबुल वळणाचा धिप्पाड कुत्रा आला, त्याने माणसं मारली, मग १ फेब्रुवारी २०२४ पासून सवलतीच्या दाखल्याशिवाय तोही बेकायदा. यादी लांबत जाते, कुत्रे तिच्या पुढे पळतात. नेदरलँड्सने आपली पिटबुलबंदी २००८ मध्ये गुंडाळली, इटलीने २००९ मध्ये जातींची यादी फेकून मालकाला जबाबदार धरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

दुसरी बाजू

एकूण चावे वाढले याचा अर्थ बंदी घातलेल्या जातींचे वाढले असा नाही. आणि एक्सएल बुलीला संन्यासी म्हणताय? धन्य आहे.

नवखी

मध्येच विचारते, माफ करा. घरात चार वर्षांची मुलगी आहे आणि नवऱ्याला रॉटवायलरचं पिल्लू हवंय. वरचं सगळं वाचून जास्तच गोंधळ झाला.

जनावरांचा डॉक्टर

पिल्लू बघायला जाल तेव्हा आधी त्याची आई बघा. ती अनोळखी माणसाला जवळ येऊ देते का, की ब्रीडर तिला दाखवायलाच टाळतो? टाळत असेल तर परत फिरा. आठ आठवड्यांच्या आधी पिल्लू देणाऱ्याकडूनही घेऊ नका. आणि मुलगी व कुत्रा एका खोलीत असताना मोठं माणूस नजर ठेवून हवंच. फोन बघत बसलेलं मोजायचं नाही.

दुसरी बाजू

मी तर म्हणेन मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत थांबा.

शेपूटवाला

थांबा म्हणताय तर लॅब्रॅडोरसाठीही थांबायला सांगाल का?

दुसरी बाजू

नाही सांगणार. तिथेच तर आपलं भांडण आहे.