ओलेसुंदची आग आणि आपली पेठ: जुनी दुकानं पाडायचीच का?

दर्यावर्दी:
गेल्या आठवड्यात वरच्या पेठेत किराणा दुकानाच्या पोटमाळ्यावर शॉर्टसर्किट झालं. शेजाऱ्यांनी बादल्या मारल्या म्हणून निभावलं, बंब पोचेपर्यंत धूरही विरला होता. तरी रुंदीकरणाला 'पेठेचा चेहरा जाईल' म्हणून विरोध चालूच! बोटीवर होतो तेव्हा नॉर्वेत ओलेसुंदला गेलो होतो. मासेमारीचं बंदर, आपल्यासारखंच. २३ जानेवारी १९०४ च्या रात्री वादळी वाऱ्यात आग लागली. घरं लाकडाची, एकमेकांना चिकटलेली. सुमारे ८५० घरं जळाली, दहा हजारांच्या आसपास लोक उघड्यावर आले, तेही तिथल्या थंडीत. मेलं मात्र एकच माणूस. पुढच्या तीन-चार वर्षांत दगड-विटांचं नवं गाव उभं राहिलं, आज तेच बघायला बोटी भरभरून लोक येतात. मग आपण जळायची वाट कशाला बघायची? आधीच पाडा, रस्ता रुंद करा, पक्कं बांधा.

कौलारू:
काका, फोटो मीही पाहिलेत. कमानी, मनोरे, दगडातली नक्षी. तिथल्या वास्तुरचनाकारांनी जीव ओतून काम केलं, शिवाय जर्मनीच्या कैसरने मदतीची जहाजं धाडली होती. आपल्याकडे काय होणार ते तुम्हालाही ठाऊक आहे: खाली शटर, वर काचा, पुढे प्लास्टिकचा बोर्ड. आणि मुळात ओलेसुंदच्या भिंती लाकडाच्या होत्या. आपल्या भिंती चिऱ्याच्या. चिरा पेटत नाही हो. एकेकाळी वर झाप नाहीतर गवत असायचं, ठिणगी उडाली की अख्खी आळी जायची. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती कौलं गलबतांतून इथवर आली. आगीपासून राखण केली ती त्या कौलांनी. आता तीच उतरवा म्हणताय!

दर्यावर्दी:
कौलाखाली काय आहे ते बोला. वासे, रिपा, पोटमाळा, त्यावर गोणपाट, सुतळी, गणपतीचं मखर, गेल्या दिवाळीचे उरलेले फटाके. कौलं तशीच राहतील आणि खालचं सगळं जळेल.

वायरमन_दादा:
दोघांचं ऐकलं. मी त्याच पेठेत वायरिंग करतो. आजोबांच्या वेळची एक बत्ती आणि एक पंखा, त्याच वायरवर आज दोन फ्रीज, एसी आणि झेरॉक्स. फ्यूज उडतो म्हणून त्यात जाड तार घालतात, मग उडतच नाही! सागाचा जाड वासा बाहेरून कोळसतो, पण आतला बराच वेळ भार धरून राहतो. उलट लोखंडी गर्डर साधारण साडेपाचशे अंशांना निम्मी ताकद गमावतो. हे मी 'लाकूड वाचवा'वाल्यांना खूश करायला लिहीत नाही. नव्या कॉम्प्लेक्सच्या जिन्यात मीटरपेट्यांखाली पुठ्ठ्यांचे खोके रचलेत, तिथे तर धूर बाहेर पडायलाही जागा नाही.

पेठेतली_सून:
रुंदीकरणात आमच्या दुकानाची पुढची सात फूट जातात. उरलेल्या जागेत फळ्यांचं दारही बसत नाही. (अजून नंबर घातलेल्या फळ्याच लावतो आम्ही, सहा आणि नऊ नेहमी उलटसुलट.) रस्ता रुंद झाला की तिथे बंब उभा राहील असं कोण म्हणतं? तिथे गाड्या लागतील. आत्ताही बंब वाण्याच्या कोपऱ्यावर अडकला तो रस्त्याने नव्हे, दुचाक्यांनी.

दर्यावर्दी:
सात फूट गेली तर पोट जातं, हे मान्य. पण आख्खी पेठ गेली तर? मुंबईच्या किल्ल्यातला बाजार १७ फेब्रुवारी १८०३ ला पेटला, तोही दाटीवाटीचा. किल्ल्यातल्या वस्तीचा सुमारे तिसरा हिस्सा गेला. तेव्हा कुठे तटाबाहेर मोकळ्या जागेत वस्ती न्यायला जोर आला.

रेवाकाठचा:
अरे पण पाणी खंय आसा? पाडायचं की ठेवायचं हे मग बघा. सिएटलची गोष्ट ऐका. ६ जून १८८९, सुताराच्या दुकानात सरस उतू जाऊन पेटला, त्यावर पाणी ओतलं तर आग आणखी पसरली. शहराचे पाण्याचे नळ बरेचसे पोकळ लाकडांचे, दाब कमी, पाणी पुरवणारी कंपनी खाजगी. समुद्र शेजारीच, म्हणून पंप तिकडे नेले, तर नेमकी ओहोटी! मधला व्यापारी भाग सगळा गेला. नंतर त्यांनी विटा-दगडांचा नियम केला, खरं, पण पाणीपुरवठाही शहराने स्वतःकडे घेतला. आपल्या खाडीत ओहोटीला काय असतं? गुडघाभर चिखल आणि खेकडे. मार्चातल्या दुपारी खारा वारा सुटलेला, नळाला पाणी सकाळी तासभर. बारा मीटरचा रस्ता घेऊन त्यावर काय शिंपडणार?

कौलारू:
हेच मी म्हणत होतो.

वायरमन_दादा:
नाही, तू कौलांचं म्हणत होतास.

दर्यावर्दी:
रेवाकाठच्याचा मुद्दा लागला. पण रुंदीकरण सोडा असं त्यातून निघत नाही. दोन्ही करा. फळ्यांच्या दाराच्या प्रेमाने विमा मिळत नाही.

पेठेतली_सून:
विम्याचा हप्ता आम्ही भरतो, काका. वेळेवर. पाण्याचं म्हणाल तर पेठेत तीन विहिरी होत्या. एक बुजवली, एकीवर रसवंती. तिसरीवर स्लॅब आहे, मारुतीच्या देवळामागे, तिला लोखंडी झाकण ठेवलंय आणि त्याला कुलूप. पावसाळ्यात झाकणाच्या फटीतून पाणी दिसतं.

रेवाकाठचा:
चावी कोणाकडे?

पेठेतली_सून:
सासऱ्यांकडे होती. ते जाऊन अकरा वर्षं झाली. उद्या फडताळातला चाव्यांचा जुडगा काढते, नाही लागली तर वायरमनदादा कुलूप कापतील. पंपाचा पाइप आत उतरतो का ते तरी बघू.

वायरमन_दादा:
दुपारी येतो. बंबाच्या पाइपाचं तोंड केवढं असतं ते आधी विचारून घेतो, उगाच झाकण उघडून नुसतं बघत बसायला नको.