मदत हवी आहे: पोट कायम बिघडलेलं, केस रोज हातात येतात, पण ट्रान्सप्लांट नको

भुसावळ_जंक्शन
राम राम मंडळी. प्रश्न धाकट्या भावासाठी आहे. वय २९, वजन ६१ किलो, शाकाहारी, अंडीही नाही. ऑक्टोबरमध्ये डेंग्यू झाला होता. जानेवारीपासून आंघोळीच्या वेळी केसांचा पुंजका जाळीवर अडकतो. त्याशिवाय कपाळाचे दोन्ही कोपरे दोनेक वर्षांपासून मागे सरकताहेत. वडिलांना टक्कल आहे.

पोटाचं म्हणाल तर जेवल्यावर अर्ध्या तासात पोट तंबोऱ्यासारखं ताणतं, गॅस, कधी दोन दिवस साफ नाही तर कधी सकाळी तीनदा जावं लागतं. पॅन्टोप्राझोल ४० (आम्ल दाबणारी गोळी) रोज अनशापोटी, दहा महिने झाले. केसांसाठी बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) १० मिलीग्रॅम चालू आहे.

रिपोर्ट: हिमोग्लोबिन १२.२, फेरिटिन (लोहाचा साठा) ११, बी१२ १७२, ड जीवनसत्त्व १७, टीएसएच (थायरॉइडची चाचणी) ०.९.

एका ठिकाणी थेट ट्रान्सप्लांटचं कोटेशन हातात दिलं, दुसरीकडे 'आतडी शुद्ध करणाऱ्या' पुड्यांचं तीन महिन्यांचं पॅकेज. दोन्ही घेतलेलं नाही. पोटामुळे केस जातात हे खरं का? आणि आधी काय करावं?

पऱ्हाटी
दादा, दोन वेगवेगळे प्रकार एकाच डोक्यावर चालू दिसतात. ते आधी सुटे करा, नाहीतर औषध एकाचं आणि अपेक्षा दुसऱ्याची असं होतं.

पहिला प्रकार तापानंतरची गळती. केस काही वर्षं वाढतो, मग साधारण तीन महिने नुसता मुळाशी बसून राहतो आणि पडतो. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, उपाशी राहून उतरवलेलं वजन, असा मोठा धक्का बसला की पुष्कळ केस एकदम त्या विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. ऑक्टोबर ते जानेवारी, हिशोब बरोबर लागतो. यात केस डोकंभर पातळ होतात, मूळ जिवंत असतं आणि सहसा सहा महिन्यांत गळती आपोआप थांबते. पण लोह कमी असेल तर ती रेंगाळते.

दुसरा प्रकार कोपऱ्यांचा. तो वडिलोपार्जित. टेस्टोस्टेरॉनपासून बनणाऱ्या डीएचटी या हार्मोनमुळे तिथली मुळं बारीक होत जातात आणि जाड केसाच्या जागी लव येते. पोट कितीही सुधारा, ही जागा त्याने भरणार नाही. हे स्पष्ट सांगतो, कारण त्या पुड्या नेमक्या याच आशेवर खपतात.

घरी तपासायचं तर २४ तास केस धुवायचे नाहीत. पन्नास-साठ केसांची बट अंगठा आणि दोन बोटांत मुळाशी धरून टोकापर्यंत सावकाश ओढायची, हिसका द्यायचा नाही. डोक्यावर चार जागी करायचं. प्रत्येक बटेतून सहापेक्षा जास्त केस आले आणि मुळाकडच्या टोकाला पांढरी, मोहरीच्या अर्ध्या आकाराची गाठ दिसली तर ती तापाची गळती. गाठ नसेल, केस मधूनच तुटलेला असेल तर तो मुळाचा प्रश्न नाही. बोअरच्या जड पाण्याने केस राठ होऊन तुटतो तो असा. गोल, गुळगुळीत चकती असेल तर ती चाई, तिची गोष्टच निराळी. चकतीवर पापुद्रे, खाज असेल तर नायटा. या दोन्हींत घरी वेळ घालवू नका.

कळण्याची_भाकर
केसांपेक्षा मला त्या रिपोर्टची काळजी जास्त वाटते. बाईमाणसात फेरिटिन ११ आलं तर पाळी हे कारण समोर असतं. २९ वर्षांच्या पुरुषात आलं तर लोह एक तर शोषलं जात नाही किंवा कुठून तरी रक्त जातंय. नुसती लोहाची गोळी चालू करून हे झाकू नका. पोट आणि केस यांचा जो काही खरा संबंध आहे तो याच वाटेने: लोह, बी१२, जस्त, प्रथिनं आतड्यातून नीट उचलली गेली नाहीत की केसाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो.

संशयित तीन. एक, पॅन्टोप्राझोल: दहा महिने पोटातलं आम्ल दाबून ठेवलं की लोह आणि बी१२ दोन्हींचं शोषण उतरतं. दोन, एच. पायलोरी हा जठरातला जंतू. तीन, सीलिॲक, म्हणजे गव्हाने आतडं बिघडण्याची व्याधी. शिवाय अंगदुखीची गोळी वरचेवर घेतो का ते विचारा, तिनेही जठरातून थेंबथेंब रक्त जातं.

आता क्रम, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं.

सीलिॲकची टीटीजी-आयजीए (रक्तातली एक अँटिबॉडी) आणि सोबत एकूण आयजीए, ही तपासणी पोळी खाणं चालू असतानाच करायची. आधी महिनाभर गहू सोडला आणि मग रक्त दिलं तर रिपोर्ट खोटा 'चांगला' येऊ शकतो. एकूण आयजीए मुळातच कमी असेल तरीही तेच होतं, म्हणून दोन्ही एकदम.

एच. पायलोरीसाठी शौचातली अँटिजेन तपासणी किंवा श्वासाची तपासणी. त्याआधी पॅन्टोप्राझोल दोन आठवडे बंद हवं आणि शेवटचं अँटिबायोटिक घेऊन चार आठवडे झालेले हवेत. रक्तातली अँटिबॉडी करून पैसे घालवू नका, जंतू गेल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्ह राहते. पॅन्टोप्राझोल मात्र डॉक्टरांना विचारून आणि टप्प्याने सोडा, आधी दिवसाआड. एकदम सोडलं की आम्ल उसळून छातीत जळतं आणि माणूस घाबरून पुन्हा गोळीवर येतो.

शौचात लपलेलं रक्त आणि कॅलप्रोटेक्टिन या दोन तपासण्यांवरून आतड्याला सूज किंवा स्राव आहे का कळतं. दुर्बीण घालायची की नाही ते पोटाचे डॉक्टर ठरवतील. पण वजन उतरत असेल, काळी किंवा रक्ताची शौचास होत असेल, रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल तर त्यात चालढकल नको.

आणि ते बायोटिन. थायरॉइडच्या बऱ्याच चाचण्यांत बायोटिनच घटक म्हणून वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटं कमी दिसू शकतं. तुमच्या ०.९ वर म्हणून भरवसा नाही. किमान तीन दिवस बंद ठेवून परत करा. खरं तर कायमचंच बंद करा, त्याची कमतरता क्वचितच कुणाला असते.

अनेर_काठ
एवढ्या तपासण्या कशाला? रात्री त्रिफळा कोमट पाण्यातून आणि डोक्याला कांद्याचा रस. गावात कितीतरी जणांना फरक पडलाय.

पऱ्हाटी
भाऊ, त्रिफळ्याने पोट साफ होतं, नाही कोण म्हणतो? पण ज्याला सकाळी तीनदा जावं लागतं त्याला ते द्यायचं का? कांद्याच्या रसाचा एक छोटा अभ्यास झाला होता तो चाईवर, टकलावर नाही. आणि तापाची गळती सहा महिन्यांत आपोआपच थांबते. त्या काळात डोक्याला जे लावलं असेल त्याला श्रेय मिळतं, मग तो कांदा असो की शेंगदाण्याचं तेल.

पुड्यांबद्दल अजून एक. सेलेनियम आणि अ जीवनसत्त्व जास्त झालं तरी केस गळतात. २०२५ च्या जानेवारीत शेजारच्या बुलढाण्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस अचानक गळाले, तेव्हा रक्तात सेलेनियम वाढलेलं आढळल्याच्या बातम्या आल्या होत्या. घटक न छापलेली 'केसवर्धक' पुडी घेण्याआधी ते आठवा.

गिरणाकाठ
खाण्याचं मी सांगते. पण वरच्या तपासण्या झाल्यावर, आधी नाही.

पोट फुगवणाऱ्या कर्बोदकांना कात्री लावायचा आहार ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने बसवलाय, त्याला लो-फॉडमॅप म्हणतात. इंटरनेटवरच्या याद्या परदेशी जेवणाच्या असतात, आपल्याकडे ताटात काय उरतं ते बघा.

चार आठवडे हे बंद: गव्हाची पोळी, कांदा, लसूण, उडीद, हरभऱ्याची डाळ, दूध. म्हणजे कळण्याची भाकरी, शेवभाजी, डुबुकवडे, पातोड्या सगळं गेलं, वाईट वाटतं खरं. कळण्यात ज्वारीसोबत सालीचे उडीद असतात, म्हणून तेवढे दिवस नुसत्या ज्वारीची भाकरी.

भरीत मात्र बेताने चालतं. वांगं चालणाऱ्या यादीत बसतं. पातीच्या कांद्याची फक्त हिरवी पात घ्या, पांढरा भाग टाका. लसूण ठेचून घालायचा नाही. गरम तेलात पाकळ्या लाल होईस्तोवर परतून काढून टाका आणि त्याच तेलाची फोडणी द्या. त्रास देणारा भाग पाण्यात उतरतो, तेलात नाही, त्यामुळे वास येतो आणि पोट फुगत नाही. रश्श्यात लसूण उकळून मग काढला तर उपयोग नाही. शेंगदाणे मूठभर चालतात. मिरची निम्मी करा, काहींच्या आतड्याला तिचाच झणका बसतो.

केळी! आपल्याकडे 'पोट बिघडलं, केळं खा' हे ठरलेलं. पण सालीवर काळे ठिपके आलेलं पिकलं केळं फुगवतं, आणि नुकतं पिवळं झालेलं, देठाशी हिरवट, घट्ट केळं सोसतं. रोज एक, तेही घट्ट.

प्रथिनं विसरू नका. ६१ किलोला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम लागतात. डाळ कमी केली की नेमकं हेच कोसळतं आणि केस अजून गळतात. पनीर, शेंगदाणे, घट्ट टोफू, सोसेल तेवढी मुगाची डाळ. अंडं खायची तयारी झाली तर एकात ६ ग्रॅम.

इसबगोल घ्यायचं तर एक चमचा, मोठ्या ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच पिऊन टाका. ढवळून ठेवलं की फुगून घशात अडकतं. गोळ्यांपासून दोन तास लांब.

चार आठवड्यांनी एकेक पदार्थ परत आणायचा, तीन दिवस वाढत्या प्रमाणात, मग दोन-तीन दिवस विश्रांती. हा आहार कायमचा नाही. वर्षभर चालवला तर आतड्यातले चांगले जंतूच उपाशी मरतात.

भुसावळ_जंक्शन
सगळ्यांचे आभार. पॅन्टोप्राझोल डॉक्टरांना विचारून सोडवलं, पंधरा दिवसांनी तपासण्या केल्या. सीलिॲक नाही. कॅलप्रोटेक्टिन ठीक, लपलेलं रक्त नाही. एच. पायलोरी पॉझिटिव्ह. बायोटिन थांबवून टीएसएच २.४. चौदा दिवसांचा कोर्स लिहून दिलाय. ओढून बघितलं तर बटेमागे आठ-नऊ केस, पांढऱ्या गाठीचे. लोह केव्हापासून? आणि कोपऱ्यांचं काय? आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) त्याचं लग्न आहे.

कळण्याची_भाकर
कोर्स पूर्ण चौदा दिवस, एकही खुराक न चुकवता. पाचव्या दिवशी तोंड कडू होतं, जुलाब होतात, लोक तिथेच सोडतात आणि उरलेला जंतू औषधाला दाद देत नाही. त्यातली आम्ल दाबणारी गोळी या चौदा दिवसांत घ्यायचीच आहे, 'बंद सांगितलं होतं' म्हणून ती गाळू नका. संपल्यावर चार आठवड्यांनी पुन्हा शौच किंवा श्वासाची तपासणी, त्याही वेळी पॅन्टोप्राझोल दोन आठवडे बंद.

लोह कोर्स संपल्यावर, म्हणजे पोटाची चिडचिड कशाने होतेय ते कळेल. ६० ते १०० मिलीग्रॅम प्रत्यक्ष लोह, दिवसाआड, सकाळी लिंबूपाण्यासोबत. रोज दोनदा घेतल्याने भराभर भरत नाही. एका मात्रेनंतर शरीर शोषणाचं दार थोडा काळ ओढून घेतं आणि उरलेलं लोह आतड्यात राहून बद्धकोष्ठ करतं. चहा तासभर आधी नाही, दोन तास नंतर नाही. कॅल्शियमची गोळी दुसऱ्या वेळेला. शौच काळी होईल, ती लोहामुळे. महिन्यात हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅम चढायला हवं. नाही चढलं तर परत पोटाच्या डॉक्टरांकडे. चढलं तरी पुढे तीन महिने चालू, साठा भरायला. फेरिटिन ४० च्या वर नेण्याचं लक्ष्य ठेवा. बी१२ गोळीने की इंजेक्शनने ते डॉक्टर सांगतील, पण आताच सुरू करा, १७२ वर थांबायचं कारण नाही.

पऱ्हाटी
कोपऱ्यांसाठी सगळ्यात भक्कम पुरावा असलेली औषधं दोन, दोन्ही त्वचेच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने. मिनॉक्सिडिल ५ टक्के, १ मिलि दिवसातून दोनदा. भांग पाडून ड्रॉपरने कोरड्या त्वचेवर ओळीने सोडायचं, केसांवर नाही. मग चार तास डोकं धुवायचं नाही. झोपायच्या दोन तास आधी लावा, नाहीतर उशीवरून गालाला लागतं आणि तिथे लव येते. हात धुवा. खाज सुटली तर बहुतेक वेळा आतल्या प्रोपिलीन ग्लायकॉलमुळे, फोम घ्या. घरात मांजर असेल तर बाटली आणि उशी दोन्ही तिच्यापासून लांब, तिला ते विष आहे. कोंडा असेल तर आधी केटोकोनाझोल २ टक्के शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस पाच मिनिटं ठेवून. कोंड्यावर तेल चोपडलं की कोंड्याची बुरशी अजून माजते.

दुसरं फिनास्टेराइड १ मिलीग्रॅम रोज. काही जणांत कामेच्छा कमी होणं, मन उदास होणं असे त्रास होतात, ते त्याला आधी सांगा. चालू असेपर्यंत आणि बंद करून महिना होईस्तोवर रक्तदान नाही. तुटलेली गोळी गरोदर बाईने हाताळायची नाही. लग्न आहे, मूल लवकर हवं असेल तर तेही डॉक्टरांशी बोला.

दोन्हींचा फरक दिसायला चार ते सहा महिने, आणि सोडलं की मिळालेलं काही महिन्यांत परत जातं. फोटो महिन्यातून एकदा, एकाच खिडकीपाशी, कोरड्या केसांचे. आरशात रोज बघून काही कळत नाही.

भुसावळ_जंक्शन
मिनॉक्सिडिल आजच आणतो. लग्नापर्यंत दोन महिने आहेत, तेवढ्यात थोडं भरेल ना?

पऱ्हाटी
आज आणू नका. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात जुने केस झडून नव्यांना जागा होते, म्हणजे नेमकी हळदीच्या आसपास गळती वाढेल. तापाची गळती तोवर ओसरत आलेली असेल, लग्नापर्यंत तेवढ्यावरच भागवा. बाटली लग्नानंतरच्या सोमवारी उघडा.

गिरणाकाठ
आणि आखाजीचा रस-मांडे त्या चार आठवड्यांत येऊ नये म्हणून आहार कोर्स संपल्या दिवसापासून धरा. पिकला आंबा आणि हरभऱ्याचं पुरण, फुगवण्यात दोन्ही एकाला एक भारी. परत आणायच्या यादीत ते वेगवेगळ्या दिवशी ठेवा. रस आधी, अर्धी वाटी.