विंडो बंद पडलेल्या मॉनिटरवर उघडते, इकडे कशी आणू?

फोंड्याचा टायपिस्ट:
फोंड्यात डीड टाइप करून देतो. विंडोज १०, टेबलावर दोन मॉनिटर. पावसात वीज ये-जा करत होती तेव्हा उजवा गेला. दिवा लागतो, चित्र नाही. आता पीडीएफची प्रिंट दिली की डायलॉग त्या मेलेल्या पडद्यावर उघडतो. इकडे कुठेही क्लिक करा, नुसतं ‘टंग’ वाजतं. गिऱ्हाईक वकिलाचा फोन कानाला लावून समोर उभं.
दुसरं म्हणजे, एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबाराच म्हणा) बघून सर्व्हे नंबर वर्डमध्ये चढवायचा असतो. एकाच पडद्यावर ऑल्ट-टॅब करताना ओळ हुकते. ११२/३ चं ११३/२ झालं तर किती निस्तरावं लागतं ते सांगायला नको. आणि कॅल्क्युलेटर सारखा मागे लपतो.

मडगावकार:
दिवा लागतो म्हणालात ना, तिथेच मेख आहे. मागचा उजेड गेलाय, आतलं सर्किट शाबूत असणार. केबल जोडलेली आहे तोवर विंडोजच्या लेखी दुसरा पडदा हजर. आधी केबल काढा, विंडो आपसूक इकडे येतील.
तरी एखादी अडकलीच तर ऑल्ट + टॅबने ती निवडा, मग ऑल्ट + स्पेस, मग एम (म्हणजे ‘मूव्ह’). कुठलंही एक बाणाचं बटण दाबून माउस हलवा. विंडो पॉइंटरला चिकटून येते. मॅक्सिमाइज केलेली असेल तर ‘मूव्ह’ फिकट दिसतं, आधी ‘रिस्टोअर’ करा.

डिचोलीची सुलू:
उताऱ्यासाठी विंडोज बटण + डावा बाण, वर्डसाठी उजवा. विंडो त्या बाजूच्या अर्ध्या पडद्याला चिकटते. ही सोय २००९ च्या विंडोज ७ पासून आहे, तरी अर्धं जग अजून कोपरे ओढत बसतं! दोन्ही चिकटल्यावर मधली रेघ ओढली की एक लहान, दुसरी मोठी होते. जुनं डीड आणि नवं डीड ताडायचं असेल तर वर्डच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘व्ह्यू साइड बाय साइड’ आहे, दोन्ही कागद एकत्र सरकतात.
कॅल्क्युलेटर ‘स्टँडर्ड’वर ठेवून ऑल्ट + वरचा बाण दाबा. छोटा होऊन सगळ्यांच्या वर राहतो.

पर्वरीचा पोरगा:
मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज नावाचं जोड-सॉफ्टवेअर टाका. विंडोज + कंट्रोल + टी दाबलं की कुठलीही विंडो वर राहते. त्यातल्याच फॅन्सीझोन्समध्ये शिफ्ट धरून विंडो ठरलेल्या खणात टाकता येते.

डिचोलीची सुलू:
बाबा, दोन विंडोंसाठी एवढं कशाला? त्यांना गिऱ्हाईक मोकळं करायचंय.

फोंड्याचा टायपिस्ट:
केबल काढली, डायलॉग समोर आला. देव बरें करूं! कॅल्क्युलेटरही जमला. पण अर्ध्या पडद्यात वर्डची वरची पट्टीच इतकी जागा खाते की जेमतेम चार ओळी दिसतात.

मडगावकार:
कंट्रोल + एफ१. परत हवी तर तेच दाबा.