गोथेनबर्गला दोन वर्षांसाठी जातोय – काय न्यावं, काय नेऊ नये, कुठे फिरावं?

पाटी_पेन्सिल:
नमस्कार मंडळी. नवऱ्याला कंपनी दोन वर्षांसाठी स्वीडनला, गोथेनबर्गला पाठवतेय. ऑक्टोबरच्या शेवटी निघायचंय. बरोबर मी, मुलगा (आठ वर्षांचा, इथे तिसरीत) आणि मुलगी (चार वर्षांची). आम्ही कोथरूडचे. थंडी म्हणजे सिंहगडावरची डिसेंबरातली पहाट, यापलीकडे अनुभव नाही.

घर कसं शोधायचं, गरम कपडे इथूनच घ्यावेत का, मुलांना स्वीडिश शाळेत घालावं की इंग्रजी, मिक्सर-कुकर न्यायचे का, सासू-सासऱ्यांना कधी बोलवावं? आणि तातडीचा प्रश्न: नवरा म्हणतोय की डिसेंबरात स्वीडनच्या अगदी उत्तरेला, किरुनाला नॉर्दर्न लाइट्स बघायला जाऊ, आत्ताच बुकिंग करू. करू का? आत्तापर्यंत मी तीन याद्या केल्या आणि तिन्ही फाडल्या.

थंडोबा:
स्टॉकहोमात अकरावं वर्ष. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: बुकिंग करू नका. कारण खाली येईलच.

सगळ्याच्या आधी 'पर्सोननुम्मेर'. हा इथला बारा आकडी नंबर, स्काटेवेर्केट म्हणजे कर खातं देतं. वर्षभर किंवा जास्त राहणार असाल तर मिळतो. उतरल्या आठवड्यात चौघांनी मिळून जा. पासपोर्ट, रहिवासी परवान्याची कार्डं, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले असं सगळं मूळ कागदांसकट न्या. नंबर यायला काही आठवडे लागतात आणि तोवर तुम्ही अर्धवट माणूस. बँकेचं खातं अडतं, त्याशिवाय बँकआयडी, म्हणजे फोनवरचं डिजिटल ओळखपत्र, नाही, बँकआयडीशिवाय स्विश नाही. स्विश म्हणजे आपलं यूपीआय समजा. शाळेच्या जत्रेत दुसरीतली मुलं बन विकतात, तीही स्विशवर. रोख पैसे पुष्कळ दुकानं घेतच नाहीत. माझ्या पहिल्या महिन्यात खिशात पाचशे क्रोनरची नोट होती आणि चहा मिळेना.

घर बहुतेक 'आंद्रा हांड' मिळेल, म्हणजे मूळ भाडेकरूकडून किंवा फ्लॅटमालकाकडून ठरावीक मुदतीसाठी. थेट कराराच्या घरांना रांग असते आणि ती वर्षांची असते. दोन गोष्टी सांभाळा. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय डिपॉझिट पाठवायचं नाही. आणि त्या पत्त्यावर तुमची नोंदणी होऊ देणार का, हे लेखी विचारायचं. आमच्या पहिल्या घरमालकाने गोड बोलून 'नोंदणी मात्र नको' म्हटलं. आम्ही मान डोलावली आणि पुढे दोन महिने नंबरावाचून लटकलो.

चौकस_काका:
पगार किती देताहेत? आणि तिकडे ज्वारीचं पीठ मिळतं का?

थंडोबा:
काका, पहिल्याचं उत्तर त्या देणार नाहीत. दुसऱ्याचं: भारतीय आणि अरबी दुकानांत मिळतं, पण कधीचं दळलेलं असेल सांगवत नाही. भाकरी थापताना चिरते. मी उकड काढून करतो.

अबोलीचा_गजरा:
मी गोथेनबर्गमध्येच आहे, सहा वर्षं. आधी एक सांगते, इथे कोणी 'गोथेनबर्ग' म्हणत नाही. उच्चार 'युतेबोरी'च्या जवळपास. विमानतळावर ही पाटी बघून आपण चुकीच्या गावात उतरलो की काय, असं मला वाटलं होतं.

कपडे तिकडून आणू नका. पुण्यातली जाड जॅकेटं इथल्या नोव्हेंबरात पाणी पितात. गोथेनबर्ग हे बर्फापेक्षा पावसाचं गाव. वारा समुद्रावरून येतो, छत्री उलटी होते. आतून लोकरीचा पातळ थर, त्यावर फ्लीस, वरून वारा-पाणी न शिरणारं. सुती बनियन अंगाला लागून नको. एकदा ओलं झालं की ओलंच राहतं.

मुलीला 'फोर्स्कूला'त घालाल, म्हणजे इथल्या बालवाडीत. अर्ज केल्यापासून चार महिन्यांत जागा देणं कम्युनला, म्हणजे आपल्या भाषेत नगरपालिकेला, बंधनकारक आहे, म्हणून नंबर आला की त्याच दिवशी अर्ज टाका. तिथली मुलं रोज बाहेर असतात. पाऊस असला तरी रोज. पहिल्या आठवड्यात माझी लेक चिखलाच्या डबक्यात फतकल मारून बसलेली मी कुंपणाबाहेरून पाहिली. धावत आत गेले, तर बाई शांतपणे म्हणाल्या, 'कपडे आहेत ना अंगावर!' प्रत्येक मुलाची खुंटी, खाली बूट, आणि दाराशी माणसाच्या उंचीचं ओले कपडे वाळवायचं कपाट, त्यातून गरम हवा येते. त्या कपाटाच्या दारावर दोन डझन चिमुकले हातमोजे लटकलेले असतात आणि त्यातला आपला दुसरा कधीच सापडत नाही. नावाची लेबलं आधीच छापून घ्या. रबरी पावसाळी पँट, लोकरीचे मोजे, हातमोज्यांचे तीन जोड. आणि अंधारात चमकणारे रिफ्लेक्टर, दप्तराला आणि जॅकेटला दोन्हीकडे.

पैसे वाचवायचे तर जुन्या मालाच्या दुकानांत जा, कोणी नाक मुरडत नाही. मुलं वाढत असतात, म्हणून एका हिवाळ्याचे कपडे जवळपास नवेच मिळतात. स्केट्स, स्की, हेल्मेट विकत घेऊच नका. 'फ्रीटिड्सबांकेन' म्हणून सोय आहे, खेळाचं सामान चौदा दिवसांसाठी फुकट देतात. शाळेची स्केटिंगची सहल निघाली की आदल्या दिवशी तिथे आमची मराठी मंडळी भेटतातच.

मुलाला स्वीडिश शाळेतच घाला असं माझं ठाम मत. दोनच वर्षं आहेत म्हणून लोक इंग्रजी शाळा बघतात. पण खाली अंगणात खेळणारी मुलं स्वीडिश बोलतात, आणि आठ वर्षांचं पोर सहा महिन्यांत त्यांच्यात मिसळतं. इथे पहिली सातव्या वर्षी सुरू होते, त्यामुळे तुमच्या तिसरीतल्याला दुसरीत बसवतील. 'वर्ष फुकट गेलं' म्हणून आजी-आजोबा हळहळतील, तिकडे दुर्लक्ष. शाळेचं जेवण फुकट असतं, शाकाहारीही मिळतं.

पहिल्या हिवाळ्यात मुलं सतत आजारी पडतील. आरोग्य सल्ल्याचा १११७ वगैरे काहीतरी नंबर आहे तो फोनमध्ये ठेवा.

थंडोबा:
अबोलीताई, ११७७. तिथली नर्स बहुधा सांगते: पाणी पाजा, पॅरासिटामॉल द्या, तीन दिवस वाट बघा. आपल्या डॉक्टरी सवयीला हे पचत नाही. माझी बायको पहिल्या वर्षी रडली होती. नोकरी करणाऱ्या आई-बापाला आजारी मुलासाठी घरी राहता येतं, पगाराच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास भत्ता मिळतो, काही मर्यादेपर्यंत. त्या रजेला 'वाब' म्हणतात, आणि फेब्रुवारीत एवढी माणसं त्या रजेवर असतात की महिन्याचं नावच 'वाब्रुआरी' पडलंय.

अबोलीचा_गजरा:
हो, ११७७च. वयोमान!

स्वयंपाकघर राहिलं. मिक्सर आणा, व्होल्टेज आपल्यासारखंच आहे, फक्त प्लग बदलणारा अडॅप्टर लागतो. कुकर स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा. ॲल्युमिनियमचा हॉकिन्स मी हौसेने आणला, तो आता तांदूळ ठेवायला. फोडणीआधी एक्झॉस्ट लावा आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घ्या, नाहीतर हिंग-मोहरीने धुराचा अलार्म बोंबलतो.

तूप, पेढे, दुधाचं काहीही सामानात नको. युरोपीय संघात बाहेरून दूध-मांस आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ता, आंबेही नाहीत. गंमत म्हणजे नारळ चालतो! नारळ, केळी, अननस, खजूर आणि तो वासाचा ड्युरियन, एवढ्या पाचांना सूट. मात्र सुकं गोटा खोबरं भारतातूनच विमानात चढवू देत नाहीत, पेट घेतं म्हणून. तूप इथेच कढवा, पण लोणी घेताना 'ओसाल्टाट', म्हणजे बिनमिठाचं, बघून घ्या. मी पहिल्यांदा खारट तूप कढवलं होतं आणि ते पुरणपोळीवर वाढलं होतं. पुढचं विचारू नका.

श्रीखंडाला 'तुर्किस्क योगर्ट' उत्तम, चक्का टांगायला वेळ कमी लागतो. कढीला 'फिलम्योल्क', म्हणजे इथलं आंबवलेलं पातळ दूध. आणि इथल्या बेकरीत वेलचीचे बन असतात. नोव्हेंबरात चारला अंधार पडलेला, पाऊस, आणि कुठल्यातरी दारातून वेलचीचा वास येतो तेव्हा पाय आपोआप वळतात.

स्टावांगरचा_नाखवा:
स्वीडनचं पुरे झालं, फिरायचं तर आमच्याकडे नॉर्वेला या. गोथेनबर्ग ते ओस्लो जेमतेम तीनशे किलोमीटर. पुढे बर्गनच्या रेल्वेने म्युरदाल, तिथे गाडी बदलून फ्लोम. ही छोटी रेल्वे वीस किलोमीटरांत ८६६ मीटरांवरून समुद्रपातळीला उतरते, तासाभराचा प्रवास. कसाऱ्याचा घाट ज्याने लहानपणी खिडकीत बसून पाहिलाय त्याला ती जास्त कळते.

महाग आहे, हे खरं. आमचे नॉर्वेजियन लोकच खरेदीला हद्द ओलांडून तुमच्या स्ट्रोमस्टाडला जातात. त्यामुळे येताना डिकी तिथे भरा: तांदूळ, डाळ, ब्रेड, फळं. हॉटेलऐवजी कॅम्पिंगच्या जागी लाकडी 'हुट्टा' घ्या, आत छोटी शेगडी असते. चादरी बहुतेक ठिकाणी स्वतःच्या न्यायच्या आणि निघताना झाडून-पुसून द्यायचं. खिचडी-लोणचं आणि समोर फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेली खाडी. पण जून ते ऑगस्टच. आणि रेनकोट कायम बॅगेच्या वरच्या कप्प्यात.

थंडोबा:
आता किरुनाचं. डिसेंबरात तिथे दोन-तीन आठवडे सूर्य उगवतच नाही. तुम्ही नुकत्याच आलेल्या, गोथेनबर्गातच नऊच्या सुमारास उजाडून साडेतीनला मावळतंय, अंगाला ते पेलत नाहीये, मुलांना सर्दी. अशा वेळी आणखी उत्तरेला जाऊन उणे पंचवीसमध्ये रात्री अकराला चार वर्षांच्या पोरीला उभं करणार? मार्चमध्ये जा. बर्फ असतो, दिवस मोठा असतो, रात्री काळोख असतो, नॉर्दर्न लाइट्सही दिसतात. स्टॉकहोमहून रात्रीची गाडी धरा, किरुनाच्या पुढे अबिस्कोला उतरा. डोंगरांच्या आडोशाने तिथलं आभाळ जास्त वेळा मोकळं असतं. गाडीतल्या बर्थवर मुलं खूश. तीन रात्री तरी ठेवा, एका रात्रीच्या भरवशावर जाऊ नका. आम्हाला पहिल्या दोन रात्री नुसते ढग दिसले.

अबोलीचा_गजरा:
थंडोबांशी सहमत. डिसेंबरात गोथेनबर्गातच राहा. १३ तारखेला शाळेत लुसिया असते, पांढरे झगे घालून मुलं अंधारात दिवे घेऊन गात येतात. तुमच्या मुलीलाही झगा लागेल, नोव्हेंबरातच घ्या, नंतर मापं संपतात. जानेवारी सगळ्यात वाईट, तेव्हा यूनिव्हर्सेउम या विज्ञान केंद्राचा वर्षाचा पास काढा. आत उभं केलेलं वर्षावन आहे, दमट आणि उबदार, चष्म्यावर वाफ धरते. मी तिथल्या बाकावर बसून स्वेटर काढते आणि कोकणात असल्याचं समजते. स्लॉट्सस्कूगेन बागेत सील आहेत, फुकट. उन्हाळ्यात ट्रामने सॉल्टहोल्मेन, तिथून शहराच्याच तिकिटावर बोटीने बेटांवर. तिथे मोटारी नाहीत, पोरं मोकाट सोडता येतात. डेन्मार्कला फ्रेडरिक्सहावनची बोट साडेतीन तासांची. लेगोलँड करा, पण वाटेत वर स्कागेनलाही जा. दोन समुद्र एकमेकांवर आपटतात त्या टोकाला उभं राहून पाय भिजवता येतात.

पाटी_पेन्सिल:
केवढं लिहिलंत सगळ्यांनी! नवऱ्याला दाखवलं, किरुना रद्द. सासू-सासऱ्यांचं राहिलं.

अबोलीचा_गजरा:
मे अखेर ते ऑगस्ट. शेंगेन व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांचा, किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. इथे डॉक्टरचा खर्च अंगावर येईल, म्हणून आधीचे आजार विम्यात कसे धरलेत ते नीट वाचा.

एक गोष्ट त्यांना आधी सांगून ठेवा. माझ्या सासूबाई जूनमध्ये आल्या. पहिल्या संध्याकाळी देवापाशी वात लावायला सूर्यास्ताची वाट बघत बसल्या. आठ वाजले, नऊ वाजले, लख्ख उजेड. शुभंकरोती म्हणायला बसवलेला नातू मांडीवर झोपून गेला. सव्वादहाला सूर्य गेला तेव्हा त्या म्हणाल्या, 'इथल्या देवाला जागरणाची सवय दिसते.' दुसऱ्या दिवसापासून घड्याळात सात वाजले की दिवा.

पाटी_पेन्सिल (फेब्रुवारी):
धागा वर काढतेय. आलो, टिकलो. नंबर पाच आठवड्यांनी आला. हातमोज्यांच्या तीन जोडांतले साडेतीन मोजे शिल्लक. अबिस्कोची मार्चची तिकिटं काढलीत, तीन रात्री.

आता माझ्याकडून एक माहिती, आणि एक विनंती. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांना पहिलीपासून शाळेकडून मातृभाषेचा तास मिळू शकतो, पण कम्युनच्या शाळांत मिळून किमान पाच मुलं हवीत आणि शिकवणारं योग्य माणूस हवं. मी पाच मुलं जमवली असं समजून अर्ज भरायला बसले. तर एकजण खासगी संस्थेच्या शाळेतला निघाला, तो धरत नाहीत. एक मोल्नडालचा, ती कम्युनच वेगळी. म्हणजे उरले तीन. माझी धाकटी बालवाडीत, ती मोजत नाहीत.

खास गोथेनबर्ग कम्युनच्या शाळेत, पहिलीच्या पुढची, घरी मराठी बोलणारी दोन मुलं कोणाकडे आहेत का? शिकवायला डी.एड. झालेल्या एक ताई तयार आहेत. इथेच कळवा. तिळगूळ अजून उरलाय.