मदत हवी आहे: वजनामुळे दम लागणं, झोपेत श्वास अडकणं आणि आयुर्वेदिक उपचार

नमस्कार मंडळी,

मोठ्या भावासाठी विचारते आहे. दादा 46 वर्षांचा, उंची पाच फूट सात इंच, वजन 112 किलो, बीपीची गोळी चालू. एक जिना चढला की धापा टाकतो, बुटाची लेस बांधायला वाकला तरी दम लागतो. एक्स-रे आणि स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) झाली, दमा निघाला नाही. पोटाच्या चरबीमुळे श्वासपटलाला खाली सरकायला जागा उरत नाही, आडवं झाल्यावर तर आणखी कमी, असं छातीच्या डॉक्टरांनी समजावलं आणि स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास रात्रभर नोंदवणारी तपासणी, करायला सांगितली.

खरी काळजी रात्रीची आहे. वहिनी सांगते, घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो, मग दचकून पुन्हा सुरू होतो. दिवसा बसल्या जागी डोळा लागतो, आणि कामावर तो स्वतः गाडी चालवत जातो.

मधल्या काळात एका वैद्यांना दाखवलं. मेदोरोग (चरबी वाढल्याचा आजार) आणि क्षुद्रश्वास (थोड्या श्रमानेही लागणारा दम), असं त्यांचं निदान. मला ते पटलं. सुश्रुतसंहितेत अतिस्थूलाच्या लक्षणांत क्षुद्रश्वास, अतिझोप आणि क्रथन, म्हणजे अचानक श्वास कोंडणं, एकत्रच आलेत. मेदाने मार्ग अडले की वायू कोठ्यात फिरून अग्नी भडकवतो, म्हणून भूक वाढते, हे चरकातलं वर्णनही दादाला तंतोतंत लागू पडतं. जव, कुळीथ, मूग, ताक असा आहार, कोरडं उद्वर्तन (अंगाला औषधी चूर्ण चोळणं), मेदोहर गुग्गुळ (चरबी कमी करण्यासाठी देतात ते औषध), आणि दिवसा झोपायचं नाही, असं सांगितलंय.

अडचण अशी की दादाने आता स्लीप स्टडीच पुढे ढकलली. वजन उतरलं की घोरणं जाईल म्हणतो. पण वजन उतरायला कित्येक महिने लागणार, तोवर रोज रात्री श्वास अडकतच राहणार ना? शिवाय रात्रीची झोपच तुटत असेल तर दिवसा तो जागा राहणार कसा? माझ्या मते तपासणी आधी व्हायला हवी, आहार आणि उद्वर्तन सोबत चालू द्यावं.

इथे कुणी सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं) आणि आयुर्वेदिक उपचार एकत्र घेतले आहेत का? बीपीच्या गोळीबरोबर गुग्गुळ चालतो का? व्हिडिओ बघून त्याने जोरजोरात कपालभातीही सुरू केली आहे, ती थांबवायला सांगू का? वैद्य किंवा डॉक्टर असाल तर कृपया जरूर लिहा. आणि तपासणीला तयार नसलेल्या माणसाला तुम्ही कसं राजी केलंत, तेही सांगा.