मदत हवी आहे: नकली बेडूक, क्रँकबेट (नकली मासा) आणि रबरी गांडूळ, तिन्ही लुअरला (खोट्या आमिषांना) एकच रॉड चालेल का?

राम राम मंडळी. सिंहगड रोडला राहतो, लहानपणी तंगूस आणि कणकेच्या गोळीवर चिलापी धरायचो, आता लुअरचा नाद लागलाय. टार्गेट मरळ. पानशेतचं बॅकवॉटर नाहीतर भिगवणकडे उजनी.

तर मेहुणा डॅलसहून येतोय, विचारतोय काय आणू, तो तिकडे बास मासा धरतो. यूट्यूबवर बघावं तर सगळे बासवालेच, बोटीवर पाच-सहा रॉड मांडून बसलेले, प्रत्येक लुअरला वेगळा. आपण बाईकवर जाणार, दोनच्या वर रॉड बांधायचे कुठे?

सध्या 7 फुटी मीडियम (मध्यम ताठ) रॉड, 3000 साइजचं स्पिनिंग रील, 20 पौंडी ब्रेड (विणलेला दोरा). जलपर्णीवरून बेडूक ओढला की मरळ भस्सकन घेते, मी झटका देतो, रॉड मस्त कमान होतो आणि बेडूक परत येतो, गळ जबड्यात रुततच नाही. क्रँकबेटला उलटं, मासा लागतो पण उडी मारली की सुटतो. एक दोस्त म्हणतो सरळ फ्लोरोकार्बन (दोऱ्याचाच एक प्रकार) भर सगळीकडे, पण ते पाण्यात बुडतं ना, मग वर तरंगणाऱ्या लुअरचं नाक खाली ओढणार नाही का? बजेट एका रॉडचं आहे (बायकोला अर्धंच सांगितलंय). काय मागवू?

प्रतिसाद:
भाऊ, एकात तिन्ही नाही बसत. बेडकाचे दोन्ही गळ जाड असतात आणि मरळीचा जबडा म्हणजे नुसतं हाड, तिथे मीडियम हेवी किंवा हेवी, फास्ट ॲक्शनचाच रॉड पाहिजे, फक्त टोकाकडे वाकणारा. त्यावर 50 पौंडी ब्रेड, लीडर (पुढे जोडायचा वेगळ्या दोऱ्याचा तुकडा) नको, थेट पालोमार गाठ. ब्रेड ताणत नाही, जलपर्णीचे देठ कापत येतो. स्पूलवर (रीलच्या चकरीवर) आधी थोडा मोनो (साधा नायलॉन दोरा) गुंडाळा नाहीतर ब्रेड नुसता गरगर फिरतो. आणि घेतल्या घेतल्या झटका देऊ नका, बेडूक दिसेनासा होऊ दे, दोरा ताणला गेला की मग द्या. मेहुण्याला हाच रॉड सांगा.

क्रँकबेटला तुमचा मीडियमच ठेवा. त्याचे तीन आकड्यांचे गळ बारीक असतात, ब्रेड ताणत नसल्याने हिसक्याला तोंड फाटून निघतात. 12 पौंडी मोनो लावा, तो ताणतो, हिसका खातो. जास्तीचा स्पूल मिळाला तर एकावर मोनो, दुसऱ्यावर तुमचा 20 चा ब्रेड, पुढे हातभर 12 पौंडी फ्लोरोकार्बन लीडर, दोन्ही दोरे जोडायला डबल युनी गाठ, रबरी गांडुळाचं काम झालं. फ्लोरोकार्बन बुडतं हे बरोबर, म्हणून ते खालच्या लुअरलाच. मरळीला दात असतात, प्रत्येक माशानंतर टोकाचा खरवडलेला दोरा कापून नवीन गाठ मारा.

अजून एक, पावसाळ्यात पिल्लांचा लालसर घोळका वर दिसला तर तिथे टाकू नका, आईबाप राखणीला असतात, चिडून घेतात आणि मागे त्या पिल्लांना बाकीचे मासे फस्त करतात.

मूळ धागाकर्ता:
लय भारी, मेहुण्याला मेसेज टाकला. तो म्हणतो विमानात एकसंध 7 फुटी आणणं अवघड, दोन तुकड्यांचा आणतो. हेवी रॉड जोडावर मोडतो का हो? कोणी वापरलाय?